परतीची वाट बंद करून या

विधानसभेची निवडणूक आली की आमच्या मूर्तिजापूरच्या बाररूममधला एखादा तरी तरुण वकील काळा कोट खुंटीला लावून प्रचाराला निघतो. त्याला बोलता येतं, लाखपुरीपासून कुरूमपर्यंतची गावं पाठ असतात, सातबारा वाचता येतो, तहसीलदारापुढे उभं राहायची भीड नसते. असा माणूस प्रत्येक पक्षाला हवाच असतो. निकालाचा गुलाल उतरला की त्यांच्यातलाच कुणी येऊन विचारतो, "सर, राजकारण केलं, उद्या आमदारही झालो, तर न्यायाधीश व्हायचं दार बंद होते का?"

माझं उत्तर ठाम असतं. दार बंद होत नाही. मात्र त्या दारातून आत जाण्याची एक अट आहे आणि ती कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

मी आमदार झालो नाही, न्यायासनावरही बसलो नाही. पण माझी सगळी वकिली या दोघांच्या मधल्या जागेत गेली. सकाळी पक्षकारासाठी आमदारांच्या नावे निवेदन लिहून द्यायचं आणि अकराच्या पुकाऱ्याला त्याच पक्षकारासाठी कोर्टात उभं राहायचं. दोन्हीकडे माणसं काय मागतात आणि त्यांच्या पदरात काय पडतं, हे जवळून पाहत आलो. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यासारख्या नव्या वकिलांसाठी मांडतो.

१. कायद्याने वाट मोकळी आहे, हे आधी पक्कं करा

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी राज्यघटनेच्या कलम २१७ नुसार उच्च न्यायालयातली १० वर्षांची वकिली किंवा १० वर्षांचं न्यायिक पद लागतं. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर कलम २३३ प्रमाणे ७ वर्षांची वकिली लागते. उमेदवार पूर्वी आमदार नसावा, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. आमदारकी सुटल्यावर अमुक वर्षं थांबावं, अशीही अट नाही. उलट आमदार-खासदारांनी वकिली करायला कायद्याची आडकाठी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

बंधनं सुरू होतात ती न्यायासनावर बसल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांनी ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांचा जो मसुदा स्वीकारला, त्यात न्यायाधीशाने राजकीय विषयांवर जाहीर मतप्रदर्शन करू नये, असं स्पष्ट आहे. काल सभेत माइक हातात घेणाऱ्या माणसाला न्यायासनावर बसल्या दिवसापासून गप्प राहावं लागतं. ते जमेल का, हे स्वतःला आधीच विचारून ठेवा.

२. आमदाराला गाव दिसतं, न्यायाधीशाला गावातला एकटा माणूसही दिसावा लागतो

हे मला एका पांदणीच्या प्रकरणाने शिकवलं. आपल्या तालुक्यातली जमीन काळी, खारपाणपट्ट्यातली. आषाढात पांदण भिजली की बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि डोक्यावर खताचं पोतं घेऊन शेतात जावं लागतं. कुरूम भागातल्या एका गावाने वर्षानुवर्षं हा त्रास काढला. शेवटी सगळ्यांनी सह्या करून आमदारांकडे निवेदन दिलं, निधी मंजूर झाला, मुरूम येऊन पडला. आणि एका शेतकऱ्याने कोर्टातून मनाई हुकूम आणला. त्याचा वकील मी होतो.

गाव खवळलं. कोर्टाच्या पायरीवर एका म्हाताऱ्या बाबाने मला अडवलं. म्हणाला, "वकीलसाहेब, आमदारानं तं मंजूर केलं, मंग कोर्ट काऊन आडवं येते?" प्रश्न खरा होता. त्याच्या नातवाने चिखलातून शाळा गाठलेली होती.

माझ्या पक्षकाराचं म्हणणं एवढंच होतं की जुनी पांदण त्याच्या शेतातून गेलेलीच नव्हती, ती धुऱ्याच्या पलीकडून होती. न्यायाधीशांनी कोर्ट कमिशनर नेमला, भूमी अभिलेखची मोजणी लावली, जुना गावनकाशा मागवला. मोजणीदाराने खुणा रोवल्या तेव्हा सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं: मूळ पांदण धुऱ्याच्या पलीकडेच होती आणि गेल्या दोन पिढ्यांत ती दोघा-तिघा दांडग्यांच्या वखराखाली गेली होती. पुढे रस्ता झाला, पण मूळ जागेवरून झाला.

इथे आमदार चुकले नव्हते. शंभर घरांचा चिखल दूर करणं हेच त्यांचं काम, आणि ते त्यांनी केलं. न्यायाधीशांचं काम वेगळं होतं. शंभर जण एका बाजूला असताना उरलेल्या एकाचं म्हणणं कागदावर तपासल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. ज्याला बहुमत मोजायची सवय लागली आहे, त्याने न्यायासनावर येताना ही मोजणी सोडून यावं लागतं.

३. दोन्ही शपथा शेजारी ठेवून वाचा

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही शपथा आहेत. आमदार राज्यघटनेवर श्रद्धा व निष्ठा ठेवण्याची, देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याची आणि कर्तव्य निष्ठेने पार पाडण्याची शपथ घेतो. न्यायाधीश याशिवाय आणखी एक वचन देतो: कुणाची भीती नाही, कुणाची मर्जी नाही, कुणाबद्दल ममत्व नाही, कुणाबद्दल आकस नाही. मंत्र्याच्या शपथेतही हे वचन आहे. साध्या आमदाराच्या शपथेत नाही.

मला यात घटनाकारांची दूरदृष्टी दिसते. आमदाराला आपल्या मतदारसंघाबद्दल ममत्व असणारच, असायलाच हवं. अकोल्याच्या वाट्याचं पाणी, मूर्तिजापूरचं रुग्णालय, बंद पडलेली शकुंतला रेल्वे यांसाठी त्याने भांडलंच पाहिजे. ज्याच्याकडून ममत्वाची अपेक्षा आहे, त्याला ते सोडायची शपथ कशी घालणार? न्यायाधीशाला मात्र ते वचन द्यावं लागतं. म्हणून आमदारकीतून न्यायासनावर येणाऱ्या माणसाने काल ज्या गुणासाठी लोकांनी त्याला निवडून दिलं, तोच गुण आज बाजूला ठेवायचा असतो. या बदलाची मनाने तयारी नसेल, तर तोंडाने घेतलेली शपथ पुरत नाही.

४. सभागृहाने जे शिकवलं, ते विसरू नका

राजकारणातून आलेला माणूस न्यायासनाला काही देऊ शकतो का? नक्की देऊ शकतो. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात त्याचं चांगलं उदाहरण आहे. न्या. फर्डिनो रिबेलो हे गोव्याचे वकील. १९७७ मध्ये ते जनता पक्षाच्या तिकिटावर कुंकळ्ळीतून गोवा, दमण आणि दीव विधानसभेवर निवडून गेले. १९९६ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि २०१० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २००५ मध्ये डान्सबार बंदीचा कायदा एकमताने मंजूर केला. सत्ताधारी आणि विरोधक, कुणीच वेगळं बोललं नाही. बाहेर लोकमतही बंदीच्याच बाजूचं. पण त्याच कायद्याने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली होती. १२ एप्रिल २००६ रोजी न्या. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द केली. तोच नाच मोठ्या हॉटेलात चालतो आणि छोट्या बारमध्ये गुन्हा ठरतो, हा भेद समानतेच्या कसोटीवर टिकत नाही; शिवाय तिथे काम करणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याच्या हक्कावर गदा येते, असं खंडपीठाला दिसलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

हा निकाल मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या खंडपीठातला एक न्यायाधीश स्वतः कधीकाळी आमदार होता, आणि सभागृहाचं एकमत झालं म्हणजे प्रश्न संपला, असं त्याने मानलं नाही. सभागृहात एकमत कसं घडतं, एखाद्या विषयावर विरोधात बोलणं आमदाराला किती जड जातं, हे आत बसलेल्याला ठाऊक असतं. ते ठाऊक असणं न्यायाधीशाच्या कामी येऊ शकतं, कायद्याचा अवमान करायला नव्हे तर तो नीट तपासायला.

५. कायदा आपल्या आठवणीतून वाचू नका

याच अनुभवाची दुसरी बाजूही आहे. ज्याने कायदा होताना पाहिला, त्याला वाटतं की त्याचा हेतू आपल्यालाच कळला. आपल्याकडच्या सावकारीच्या प्रकरणांत हे फार जाणवतं. गाडगेबाबांचं बालपण ज्या दापुऱ्यात मामाच्या घरी गेलं, ते आपल्याच तालुक्यातलं गाव. निरक्षर मामाची जमीन सावकाराने कशी गिळली, ही कथा त्यांच्या चरित्रांतून सगळ्यांनी वाचली आहे. तेव्हापासून आजपर्यंत ही दुखरी नस आहे, आणि म्हणूनच २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून देण्याची सोय त्यात आहे.

सभागृहात या कायद्यामागचा हेतू सगळ्यांना दिसतो: बुडालेला शेतकरी. फाइलमध्ये मात्र दिसतं ते नोंदणीकृत खरेदीखत, त्यावरचे दोन साक्षीदार आणि पूर्ण रक्कम मिळाल्याची पोच. ते खरेदीखत खरं की कर्जाचं तारण, हे पुराव्यानेच ठरतं: व्याजाच्या चिठ्ठ्या, खरेदीनंतरही चालू राहिलेला शेतकऱ्याचा ताबा, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी लावलेली किंमत. आपल्याच तालुक्यात खरेही बळी आहेत आणि जमिनीचा भाव वाढल्यावर झालेला सौदा मोडायला निघालेलेही आहेत. न्यायनिवाडा करणाऱ्याने कायद्याचे शब्द आणि समोरचा पुरावा यांवर उभं राहायचं असतं. सभागृहात कोण काय बोललं होतं, आपण स्वतः काय बोललो होतो, ही आठवण निकालात उतरली तर ज्याच्याकडे भक्कम पुरावा आहे त्याच्यावर अन्याय होतो.

६. मध्ये गेलेली वर्षं मोजून माणूस कळत नाही

बरेच जण म्हणतात, राजकारण सोडल्यावर पुरेसा काळ जाऊ द्यावा, मग न्यायाधीश करावं. न्या. रिबेलो यांच्या बाबतीत तो काळ बराच मोठा होता. काळ जाणं चांगलंच. तेवढ्या वर्षांत वकील म्हणून त्या माणसाची वेगळी ओळख तयार होते. पण नुसत्या काळावर भरवसा ठेवू नका.

न्या. के. एस. हेगडे १९५२ ते १९५७ राज्यसभेत काँग्रेसचे खासदार होते आणि १९५७ मध्येच म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मध्ये खंडच नाही. तरी १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही असं म्हणणाऱ्या बहुमतात ते होते. लगेच काँग्रेसच्याच सरकारने त्यांना आणि दोन सहकाऱ्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामे दिले.

न्या. व्ही. आर. कृष्णय्यर तर केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात आले आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. त्यांच्या नेमणुकीला वकिलांमधूनच विरोध झाला होता. २४ जून १९७५ रोजी, निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाला स्थगिती मागणारा पंतप्रधान इंदिरा गांधींचा अर्ज त्यांच्यासमोर आला. त्यांनी बिनशर्त स्थगिती नाकारली: पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बसता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली. माणसाची पारख अशा दिवशी होते.

७. मागचं दार नव्हे, पुढचं दार पाहा

मग खरी अट कोणती? मला ती दोन आयुष्यं शेजारी ठेवल्यावर कळली. न्या. बहारुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. १९७२ मध्ये राजीनामा देऊन ते गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेऊ देणाऱ्या बहुमताच्या निकालात ते होते. जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला दीडेक महिना असताना, त्यांनी पद सोडलं ते लोकसभेची उमेदवारी स्वीकारून. त्याच वर्षी ते पुन्हा राज्यसभेत गेले.

तो निकाल कायद्याने बरोबर असेलही. पण महिन्याभरात उमेदवारी आल्यावर तो निकाल निर्मळ नजरेने वाचणं सामान्य माणसाला कसं शक्य होतं?

हेगडेही १९७७ मध्ये लोकसभेत गेले आणि अध्यक्ष झाले, हे मी लपवणार नाही. फरक एवढाच की न्यायासनावर असताना त्यांच्या निकालाने त्यांचं सर्वोच्च पद घालवलं, आणि ते निवडणुकीला उभे राहिले ते राजीनाम्यानंतर चार वर्षांनी. तरीही माझ्या मते परत न जाणंच अधिक चांगलं. पूर्वी कोणत्या पक्षात होता, यावरून न्यायाधीश बिघडत नाही. पुढे कोणत्या पक्षाकडे जायचं आहे, हे मनात असेल तर बिघडतो. म्हणून परतीची वाट बंद करून या. ती बंद केलेली पक्षकारालाही दिसली पाहिजे.

८. नातं असेल तर आधी सांगून टाका

हे शिकायला आपल्याला दूर जायला नको. शेजारच्या दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई तीन दशकं विधान परिषदेत होते, तिचे सभापती झाले, पुढे खासदार आणि राज्यपालही. त्यांचे चिरंजीव न्या. भूषण गवई अमरावतीत जन्मले, नागपूर खंडपीठात वकिली केली, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश.

जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींच्या शिक्षेचं प्रकरण त्यांच्या खंडपीठासमोर आलं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की वडिलांचे काँग्रेसशी अनेक वर्षांचे संबंध होते, भाऊ आजही राजकारणात आहेत; कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. दोन्ही बाजूंनी हरकत नाही म्हटल्यावरच सुनावणी पुढे गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास उच्च न्यायालयातल्या एका नेमणुकीला राजकीय पार्श्वभूमीमुळे आव्हान मिळालं, तेव्हाही, आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे पण ती न्यायदानाच्या आड आलेली नाही, असं ते न्यायासनावरूनच बोलले होते.

२०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी एका माजी पक्षप्रवक्त्या वकिलांची शिफारस झाली तेव्हा राज्यभर वाद झाला. असे वाद पुढेही होतील, आणि व्हावेत. लोकांना विचारायचा हक्क आहे. त्यावर रागावण्यापेक्षा नातं उघड करणं, गरज पडल्यास प्रकरण दुसऱ्याकडे सोपवणं आणि निकालात कारणं इतकी स्वच्छ लिहिणं की हरलेल्यालाही ती वाचता यावीत, हेच उत्तर आहे.

९. तालुक्याच्या कोर्टात मुरू द्या स्वतःला

न्यायसेवेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा आणली. तुमच्यापैकी काहींना ती जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. तारीख पडली म्हणून रोजी बुडवून परत जाणारी बाई, साक्ष देताना पाय थरथरणारा साक्षीदार, वाटणीच्या दाव्यात समोरासमोर उभे राहिलेले सख्खे भाऊ, यांना पाहिल्याशिवाय निकाल लिहिणारा हात तयार होत नाही. आमदारकीलाही हीच शाळा उपयोगी पडते.

तेव्हा पोरांनो, राजकारणात जायचं तर बिनधास्त जा. कायदा समजणारी माणसं विधिमंडळात हवीच आहेत; वाईट लिहिलेल्या कायद्याचा भुर्दंड तालुक्याच्या कोर्टात गरीब पक्षकारच भरतो. तिथे आपल्या लोकांसाठी जीव तोडून भांडा. आणि पुढे कधी न्यायासनावर बसायची वेळ आली, तर त्या दिवसापासून 'आपले लोक' हा विचार मनातून काढून टाका. ज्याने तुमच्या विरोधात मत दिलं, तुमची पोस्टर्स फाडली, त्याचा दावा तुमच्यासमोर आला आणि तो पुराव्यावर खरा असेल, तर तो जिंकलाच पाहिजे. हे आजच स्वतःला बजावून सांगता येत असेल, तरच त्या वाटेला लागा. दोन्ही कामं मोठी आहेत. एकाच मनाने दोन्ही एकदम करता येत नाहीत.